लाल दोऱ्याचे दहा चांग

समुद्रकाठच्या तोआओ गावात कुणाचं लग्न मोडलं की बायका म्हणायच्या, "गाठ छायहुनने मारली असणार." आणि संसार टिकला तर म्हणायच्या, "ही पिकलुआनची गाठ." दोघी शेजारणी, मधे एक दगडी भिंत, आणि दोघींच्या चांगमधला फरक साऱ्या गावाला तोंडपाठ. बांबूच्या पानात चिकट तांदूळ बांधून पिकलुआन ते चांग तीन तास रटरट उकळायची, तरी एक शीत बाहेर येत नसे. छायहुनच्या पातेल्यात शेवटी पेज उरायची.

"तुझे चांग खायचे की प्यायचे गं?" पिकलुआन भिंतीवरून विचारायची.

"तुझे उघडायला सुतार बोलवावा लागतो, त्याचं काय?" छायहुन तिकडून म्हणायची.

पिकलुआन मूळची डोंगरातली. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन समुद्रावर आली तेव्हा तिला मासा साफ करता येत नव्हता, कालवं फोडता येत नव्हती, बोलण्याचा हेलही वेगळा. सासू तिला 'डोंगरातली शेळी' म्हणायची. पाचव्या महिन्यातला चांगचा सण आला आणि या शेळीने दोन पानं उलटसुलट ठेवून त्यांचा द्रोण वळला. परतलेला तांदूळ, डुकराच्या मांसाचा तुकडा, सोडे आणि शेंगदाणे भरले, वरून पान दुमडलं, दोरा दातात धरून दोन वेढे दिले आणि आवळला. चारही टोकं सुईसारखी. सासूने तो चांग हलवून पाहिला, फरशीवर आपटून पाहिला. दुसऱ्या वर्षी तांदळाचं घमेलं सुनेपुढे सरकवलं.

नवरा छातीच्या दुखण्याने लवकर गेला. कालवं फोडून तिने एकुलता मुलगा बुनहाय वाढवला. हे पोर समुद्रावर जन्मलं, पण त्याला सोड्यांचा वास चालत नसे. म्हणून दरवर्षी दहा चांग बिनसोड्यांचे, ओळखायला लाल दोऱ्याचे. आईची गाठ त्याला कधीच उघडायची नाही. लहानपणी चांग घेऊन तिच्यामागे फिरायचा, "आई, उघडून दे ना." पुढे जाळी ओढून बोटं दोरखंडासारखी झाली, लग्न झालं, तरी लाल दोऱ्याचा चांग हातात घेऊन तसाच उभा राहायचा. ती दातांनी गाठ उघडून द्यायची. बीचिन, त्याची बायको, हसायची, "वादळात जाळं सोडवणारा माणूस, आणि हे नाही येत!"

तीन वर्षांपूर्वी आठव्या महिन्यातल्या वादळात होडी गेली. होडीवर पाच जण होते. सहा दिवसांत चौघांची प्रेतं किनाऱ्याला लागली. बुनहाय मिळाला नाही.

ज्या घरात मरण आलं, त्या घराने त्या वर्षी चांग बांधायचे नसतात. शेजारी आणून देतात. ताट देताना कुणी काही बोलत नाही, घेणाराही बोलत नाही. वादळानंतरच्या पहिल्या सणाला पिकलुआनने त्या चारही घरांसाठी चांग बांधले आणि स्वतः नेऊन दिले. परत आली तेव्हा तिच्याच दारात छायहुन उभी होती, मान खाली, हातात ताट.

"हे कुणासाठी?" पिकलुआनने विचारलं.

छायहुनने ताट पुढे केलं.

"माझ्या घरात कोण मेलंय?"

छायहुन ताट घेऊन परत गेली. त्यानंतर भिंतीवरून कधी थट्टा झाली नाही. भिंतीवर दोन्हीकडून फक्त कपडे वाळत.

पिकलुआनचं म्हणणं सरळ होतं. पलीकडच्या गावातला एक जण परदेशी जहाजाने उचलला होता, दोन वर्षांनी फिलिपिन्सच्या तुरुंगातून परत आला. बुनहायही येईल. आल्यावर त्याचे चांग नकोत का? लाल दोऱ्याचे दहा चांग ती अंगणातल्या बांबूवर टांगायची. पानं काळी पडत, आतून आंबूस वास सुटे. मग ती ते झाडाखाली पुरायची आणि दोरे धुऊन ठेवायची.

यंदाही सणाच्या आदल्या दिवशी तिने पहाटेच तांदूळ भिजवला, पानं उकळली. बीचिन समोर बसून एकेक पान पुसत होती. पुसता पुसता थांबली.

"आई, ते आले होते. स्वप्नात."

पिकलुआनने वर पाहिलं नाही. "काय म्हणाला?"

"दारात उभे होते. अंगातून पाणी गळत होतं. आत या म्हटलं तर येईनात. म्हणाले, भूक लागलीय."

"मग बांधतेय ना मी त्याच्यासाठी! दरवर्षी बांधते. कधी चुकले?"

"ते तुम्ही बांबूवर टांगता, आई." बीचिनचा आवाज अगदी बारीक झाला. "पाण्यातल्या माणसाचा हात तिथवर कसा पोचेल?"

"जीभ आवर!"

"आवरलीच आहे तीन वर्षं. त्या चौघींनी शोकाचं पांढरं नेसलं, रडल्या. एकीचं पुन्हा लग्नही झालं. मला लग्न नकोय. पण मला रडू तरी द्या. पाण्यात बुडालेल्याला हाक मारून आणावं लागतं, जेवू घालावं लागतं. आपण त्यांना हाकही मारली नाही."

पिकलुआनने दोन पानं उचलली. उलटसुलट ठेवली, द्रोण वळला, तांदूळ भरला. लाल दोरा दातात धरला. पहिला वेढा घेतला. दुसरा घेतला. आणि हात तिथेच राहिले. चाळीस वर्षांत तिच्या दारातून भिकारीसुद्धा उपाशी गेला नव्हता. ती दोरा तोंडात धरून तशीच बसून राहिली. द्रोण कलंडला, तांदूळ तिच्या मांडीवर सांडला. तो तिने एकेक दाणा वेचून घमेल्यात टाकला. मग घमेलं उचललं, पानांची जुडी काखेत मारली आणि उंबरा ओलांडला.

छायहुन दारावर सणाचा, दवण्यासारख्या उग्र वासाचा पाला बांधत होती. पिकलुआनला पाहून तिचा हात वरच राहिला.

"तांदूळ भिजलाय," पिकलुआन म्हणाली. "पानंही तयार आहेत."

"मग?"

"यंदा आमच्या घरी बांधायचे नाहीत."

पाला छायहुनच्या हातातून खाली पडला. तिने दोन्ही हात पुढे करून घमेलं घेतलं, पोटाशी धरलं.

"माझे सैल होतात गं," ती कशीबशी म्हणाली.

"साऱ्या गावाला ठाऊक आहे." पिकलुआनने कमरेचं लाल दोऱ्याचं रीळ काढून तांदळावर ठेवलं. "दहा बिनसोड्यांचे बांध."

दुसऱ्या दिवशी छायहुन ताट घेऊन आली. मान खाली. पिकलुआनने ताट घेतलं. कुणी काही बोललं नाही.

ओहोटी लागली तशा तिघी वाळूवर गेल्या. बीचिनने पांढरं नेसलं होतं. बांबूच्या टोकाला तिने बुनहायचा सदरा अडकवला, पाण्याकडे तोंड करून हलवला आणि हाक मारली, "बुनहाय, घरी या!" पहिली हाक नीट निघाली. दुसरी निघाली नाही, नुसता हुंदका आला, आणि मग तीन वर्षांचं सगळंच आलं. पिकलुआनने तिला गप्प केलं नाही. गुडघाभर पाण्यात शिरून तिने ताटातला पहिला चांग उचलला. उचलताच गाठ घसरली, पान उघडलं आणि निम्मा भात लाटेवर पसरला.

छायहुन किनाऱ्यावरून रडवेल्या आवाजात म्हणाली, "दोन दोनदा आवळले गं या वेळी. देवाशपथ आवळले."

"राहू दे," पिकलुआन म्हणाली. "माझी गाठ त्याला उघडत नसे."

शितं पाण्याबरोबर लांब जाईपर्यंत ती बघत राहिली. मग दुसरा चांग घेतला, दोरा हाताने आणखी थोडा सैल केला आणि पाण्यात ठेवला.