हरिबानं ठेवून घेतलेलं पोतं

गलाईवाल्याच्या घरात केर कुणी टाकत नाही. सोनं-चांदी वितळवताना उडालेले कण त्यात असतात, म्हणून माती-राख पोत्यात भरून ठेवायची आणि वर्षाकाठी धुवायची. आमच्या हरिबानं तीस वर्षं तमिळनाडूत हेच केलं, आणि विट्याला परतून अंगणात भट्टी लावली तरी हेच. आयच्यान सांगतो, माणूस लय सचोटीचा.

दोन-अडीच महिन्यांमागं त्यानं भंगारातला एक जडशीळ तुकडा आणून वितळवला. तो किरणोत्सारी निघाला. भंगाराचा माग काढत सरकारी माणसं मीटर घेऊन आली. भट्टीजवळ मीटर नुसता कडकडत सुटला. त्यांनी अंगण वीतभर खरवडून नेलं, भरलेली पोतीही नेली.

एक सोडून. माती नेणार हे कानावर येताच ते आदल्या दिवशीच आम्ही माझ्या उसात लपवलं होतं. "सयाजी, वर्साची माती हाय गड्या, अशी कशी देऊन टाकू?" हरिबा म्हणाला, आणि मी गाढवानं दुसरं टोक धरलं. माणसं गेल्यावर पोतं परत आणून मागच्या खोलीत कॉटखाली सारलं. खोली त्याच्या सुनेची, रेश्माची. तिला सातवा महिना.

जाताना तपासणीवाल्या बाईंनी घरच्यांना छातीला लावायला बिल्ले दिले होते. अंगाला किती किरणं लागली, ते त्यावरून कळतं. महिन्यानं ते नेऊन तपासल्यावर बाई परत आल्या त्या गंभीर चेहऱ्यानं. हरिबाचा बिल्ला जवळपास कोरा. रेश्माचा सगळ्यांत जास्त.

"तू जातेस तरी कुठं?" बाईंनी विचारलं.

"कुठं न्हाई, बाई. मामा उठूच देत न्हाईत. पडून ऱ्हा म्हणत्यात."

हरिबानं मागच्या खोलीकडं बोट केलं. "कॉटखाली बगा," एवढंच म्हणाला. माझं नाव त्यानं घेतलं नाही.

बाई दारात पोचल्या तोच मीटर कडकडला. रेश्मानं बाळाचं विचारलं. तपासण्या करू, आत्ताच काही सांगता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. मग ती सासऱ्याकडं वळली.

"मामा, किती सोनं हुतं त्यात?"

"गुंजभर आसंल," हरिबा म्हणाला.

ती पोटावर हात ठेवून अंगणात जाऊन उभी राहिली. त्या दिवसापासून सासऱ्याशी एक शब्द बोललेली नाही. माझं तिला ठाऊकच नाही. दारावरनं गेलो की हाक मारते, "आवं काका, च्या घ्या की!" मेल्याहून मेल्यासारखं होतं मला, आणि तरी मी च्या पिऊन येतो.