अंतरपाटाची चार मिनिटं

ताईच्या लग्नाची सीडी पाहायला आई, बाबा आणि मी बसलो. सीमांतपूजन झालं, वरात आली, आणि पुढच्याच क्षणाला ताईच्या गळ्यात हार. मधली मंगलाष्टकं गायब. त्या जागी कुठलंसं हिंदी गाणं वाजलं आणि पडद्यावर एक गुलाबी बदाम गरगर फिरून गेला.

बाबा डिफेन्सच्या कारखान्यात फिटर होते. आयुष्यात त्यांनी एकच कविता केली, लेकीसाठी लिहिलेलं मंगलाष्टक. लग्नात ते म्हणताना एका ओळीवर अडखळले होते.

"काहून गप्प बसून राहिले?" आईने विचारलं.

"काढलं तेच बरं केलं तुम्ही. फजिती झाली होती माझी."

आम्हीच लाजेपोटी ते कापायला लावलं, असा त्यांचा समज झाला होता. मला असा काही राग आला की चहा तसाच ठेवून मी स्कूटी काढली आणि आमच्या या हिंदी मुलखातल्या शहरात ओमती भागात असलेला, सीडी बनवून देणारा स्टुडिओ गाठला.

"भैया, शादी में से शादी ही काट दी आपने?"

एडिटिंग करणारे भैया शांत होते. "दीदी, बीच में कपड़ा आ रहा था. चार मिनट दूल्हा-दुल्हन दिखे ही नहीं, तो ट्रिम कर दिया."

हसावं की रडावं कळेना. त्यांनी बिचाऱ्यांनी जन्मभर वरमाला पाहिलेल्या. नवरा-नवरीच्या मध्ये मुद्दाम कापड धरणारी माणसं त्यांना कुठून ठाऊक असणार? मी त्यांना अंतरपाट समजावून सांगितला.

"ट्रिम में कुछ जाता नहीं, सिर्फ छुपता है," ते म्हणाले. "रॉ फुटेज अभी पड़ा है. पर शाम को डिस्क खाली करूँगा, अगली शादी भरनी है."

जीव भांड्यात पडतो न पडतो तोच पुन्हा वर आला. मी स्टूल ओढून तिथेच ठाण मांडलं.

रॉ फुटेज म्हणजे कॅमेऱ्यातून जसंच्या तसं आलेलं सगळं. त्यातले निवडक तुकडे पडद्याच्या तळाशी एका लांब पट्टीवर ओळीने मांडतात, ती टाइमलाइन. भैयांनी एका तुकड्याची कड माउसने धरून ओढली. दुमडलेला पदर उलगडावा तसा अंतरपाट बाहेर आला, आणि त्याच्यामागून बाबांचा आवाज. मला रडू आलं, ते मी खोकल्यावर निभावलं.

चार मिनिटं नुसतं कापड पाहणार कोण, हा भैयांचा मुद्दा मात्र बरोबर होता. त्यावर त्यांच्याकडे एल-कट होता. आवाज आधीच्याच तुकड्याचा चालू ठेवायचा, चित्र तेवढं बदलायचं. त्यासाठी चित्र आणि आवाज यांची गाठ आधी सोडवावी लागते, तिला ते अनलिंक म्हणत. दुसरा कॅमेरा ताईच्या बाजूला होता. त्यातलं चित्र त्यांनी बाबांच्या आवाजाशी जुळवून लावलं.

बाबा अडखळले. पट्टीवरची आवाजाची नक्षी सपाट झाली.

"ये गैप हटा दूँ?"

"रुको भैया. थोड़ा पीछे लो."

पडद्यावर ताई मान खाली घालून, हातात हार घेऊन उभी होती आणि तिचे ओठ हलत होते. ती हळूच पुढचा शब्द सांगत होती. लगेच बाबांनी तो उचलला. गुरुजींनी सांगितला, असं इतके दिवस आम्ही सगळे धरून चाललो होतो.

गॅप मी काढू दिला नाही. सगळे तुकडे एकजीव करून अखंड फिल्म बनवायला संगणकाला वेळ लागतो, त्याला रेंडर म्हणतात. तेवढ्यात आम्ही समोसे खाल्ले आणि मी भैयांना अक्षता म्हणजे काय तेही सांगून टाकलं.

घरी नवी सीडी लावली, ती जागा आली तसे बाबा पुढे सरकले. "पुन्हा लाव," म्हणाले. तीनदा लावायला लावून त्यांनी ताईला फोन केला.

"तुला काहून पाठ होतं वं?"

"बाबा, महिनाभर आंघोळ करता करता तेच म्हणून राहिले होते तुम्ही. अन् रोज त्याच शब्दाला तुमचा गळा भरून येत होता."

त्यानंतर घरी येणाऱ्या प्रत्येकाला बाबा ती सीडी दाखवायचे. अंतरपाट आला की हात वर करून सगळ्यांना गप्प करायचे आणि सांगायचे, "आता पाहा, इथे मी अडकतो."