चार सवाऱ्यांचा टांगा

आमच्या गल्लीच्या तोंडाशी लिंबाखाली कडूभाऊचा टांगा उभा असायचा. त्याच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून नजर लागू नये असं नाव आईनं ठेवलं. नाव कडू, पण माणूस असा मऊ की माशीसुद्धा त्याच्याशी भांडून जिंकली असती. उंच, किडकिडीत, डोक्याला गुलाबी फडकं, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या पायांकडे बघायची सवय. घोडी होती लाली. तिच्याशी मात्र तो तोंडाकडे बघून बोलायचा.

कडूभाऊला कुणाला नाही म्हणता यायचं नाही. उसनं मागितलं तर द्यायचा, ओझं दिलं तर उचलायचा. अशा माणसानं टांगा कसा चालवावा? तर त्याला बिल्ल्यानं वाचवलं होतं. टांग्याच्या मागच्या फळीवर नगरपालिकेचा पितळी बिल्ला ठोकलेला होता, त्यावर नंबर आणि खाली "सवारी ४". पाचवा माणूस चढायला लागला की कडूभाऊ त्याच्या पायांकडे बघत म्हणायचा, "माझी ना नाही हो, पण बिल्ला नाही म्हणतो." माणूस कितीही तालेवार असो, मुकाट उतरायचा. सरकारशी कोण भांडणार?

मी तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षांची असेन. तिसरी शिकलेली, पण गल्लीतल्या बायकांत तेवढंसुद्धा मोठं पद होतं. कुणाचं पत्र आलं की माझ्याकडे यायचं. बोट ठेवून ठेवून वाचायची, आणि भाव खायची.

ज्या साली आपला मुलूख नागपूरच्या सरकारातून निघून भोपाळच्या सरकारात गेला, त्याच सालच्या पावसाळ्यात तापीमाय चढली. पाणी मोटारअड्ड्यात शिरलं, उभ्या मोटारींच्या इंजिनात गाळ भरला, रस्त्यावरच्या दोन मोऱ्या वाहून गेल्या. पाणी उतरल्यावर खकनारला जायचं तरी पंचाईत, जसोंडीला जायचं तरी पंचाईत. मग सरकारनं हुकूम काढला. दवंडी पिटली आणि टांगेवाल्यांच्या हातात छापील कागद दिले. कडूभाऊ कागद घेऊन सरळ आमच्या ओट्यावर आला.

"वैनी, बघा बरं काय म्हणतंय सरकार. मला तर सगळ्या मुंग्या दिसून राहिल्या."

मी पदर सावरून बसले आणि वाचलं. मोटारी दुरुस्त होईपर्यंत मोटारवाल्यांना रोड टॅक्स माफ, वर दुरुस्तीला मदत. टांगेवाल्यांना मोटारी सुरू होईपर्यंत चारच्या जागी सहा सवाऱ्या नेण्याची मोकळीक. जो टांगा चालू ठेवील त्याला जनावरासाठी रोज चारा, त्याचं कार्ड मिळेल. आणि कामावर जनावर गेलं तर दुसरं घ्यायला सरकार हातभार लावील.

कडूभाऊ ऐकत होता, माझ्या पायांकडे बघत. "सहा?" तो म्हणाला. "आणि जनावर थकलं तर काय करावं, ते नाही लिहिलं?"

लिहिलं होतं. शेवटच्या दोन ओळी त्याबद्दलच्याच होत्या. जनावर थकलेलं दिसलं तर टांगेवाल्यानं जादा सवारी नाकारावी, त्यासाठी चारा बंद होणार नाही. नाकारली नाही आणि जनावर गेलं, तर मदत मिळणार नाही.

माझं बोट त्या ओळींवरून गेलं. मी तोंडानं म्हणाले, "त्याचं काही लिहिलं नाही, कडूभाऊ."

का म्हणाले, ते सांगते. माझी धाकटी बहीण मालू जसोंडीला बाळंत झाली होती. आई आम्हाला नव्हती. तिचं बाळंतपण सांभाळणारी मीच एकटी. मला दिवसाआड तिकडे जायचं होतं, आणि चारच सवाऱ्या असत्या तर माझा नंबर लागला नसता, कारण पुरामुळे सगळं गावच टांग्याच्या मागे लागलेलं. ही झाली सांगायची गोष्ट. हीच मी मनाला पुष्कळ वर्षं सांगितली.

त्या दिवसापासून बिल्ल्यावर कडूभाऊनं चिखल लिंपला. सरकारनंच मोडलेला कायदा लोकांना दाखवायची त्याला लाज वाटली असावी. आणि लोकांना सहा म्हटल्यावर सहाच कसे पुरतील? वर एखादं गाठोडं, एखादं मांडीवरचं पोर, एखादी म्हातारी "मी काय, अर्धीच आहे" म्हणणारी. कडूभाऊकडे आता नाही म्हणायला काही उरलंच नव्हतं. चढणीवर तो स्वतः उतरून लालीच्या बाजूनं चालायचा. म्हणजे सातवं वजन कमी, असा त्याचा हिशेब.

"कडूभाऊ, तुम्ही बसा की," मी एकदा म्हटलं.

"नको वैनी. तिला बरं वाटतं, मी संगतीला असलो की."

"अन् पाय दुखत नाहीत?"

"तिला चार आहेत, मला दोनच. तिचे जास्त दुखत असतील."

पंधरा दिवसांत मालू उठून हिंडायला लागली. दूध उतरलं, तोंडावर तेज आलं. पण माझं दिवसाआड जाणं थांबलं नाही. तिकडे सासूबाई नव्हत्या. मालूच्या अंगणात पाय पसरून बसता यायचं, मोठ्यानं हसता यायचं. मी घरी सांगायची, "अजून अशक्त आहे हो ती." डिंकाचे लाडू नेले, त्यातले निम्मे मीच खाल्ले. लालीच्या बरगड्या मोजता यायला लागल्या होत्या. मी बघितल्या होत्या. माणूस ज्याच्यावर बसतो त्याच्याकडे बघत नाही, असं म्हणायची सोय नाही मला, कारण मी पुढच्या बाजूला बसायची.

बारसं सव्वा महिन्यावर ठेवलं. मी बाळासाठी पितळी घंगाळ घेतलं, आंघोळीचं, चांगलं जड. सकाळी टांग्याशी गेले तर पाच जणं आधीच बसलेली. मी सहावी चढले आणि घंगाळ पायाशी ठेवायला लागले.

"वैनी," कडूभाऊ हळूच म्हणाला, "हे घंगाळ पण सवारीच दिसतंय."

"अहो, त्याला काय तिकीट लागतं का? चला आता, मुहूर्त टळेल."

बाकीची सगळी हसली. कडूभाऊ पण हसला. त्यानं लालीच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी सांगितलं आणि लगाम धरून पायीच निघाला.

जसोंडी कोसभर राहिली असताना वाहून गेलेल्या मोरीचं वळण लागतं. तिथे रस्ता नाल्यात उतरून पुन्हा वर चढतो. लाली उतरली. चढताना मध्यावर थांबली. कडूभाऊनं मान थोपटली, चाकाला खांदा लावला. ती दोन पावलं गेली आणि पुढच्या गुडघ्यांवर बसली, अगदी सावकाश. मग आडवी झाली. आम्ही घसरत, एकमेकांवर पडत उतरलो. घंगाळ ठणठणत नाल्यात गेलं.

कडूभाऊनं जोतं सोडवलं, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि आम्हाला म्हणाला, "तुम्ही जा, मंडळी. तुमचा खोळंबा नको."

आणि आम्ही गेलो. मी नाल्यातून घंगाळ उचललं, पदरानं पुसलं, डोक्यावर घेतलं आणि कोसभर चालत गेले. डोक्यावर वजन घेऊन चालता येतं हे मला त्या दिवशी कळलं असं नाही. आधीपासून माहीत होतं. बारशाला मी पाळणा म्हटला. दुपारी जेवण करून परत आले तेव्हा लाली गेलेली होती. कडूभाऊनं तिच्यावर निंबाच्या फांद्या टाकल्या होत्या आणि माशा वारत बसला होता.

दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला कचेरीतला कारकून आणि ढोरांचा डॉक्टर गल्लीत आले. कारकून जुन्या वळणाचा, कागदावर नाक टेकवून लिहिणारा. त्यानं विचारलं, "जनावर थकलेलं होतं?"

"हो साहेब."

"मग जादा सवारी का घेतली? हुकमात साफ लिहिलंय, नाकारायची. नाही नाकारली तर मदत नाही. तुला हे माहीत नव्हतं?"

कडूभाऊ कारकुनाच्या पायांकडे बघायला लागला. त्याची बायको मथुराबाई पुढे आली. "त्यांना वाचता येत नाही, साहेब. ह्या वैनींनी वाचून दाखवलं. त्यांना विचारा."

कारकुनानं माझ्याकडे बघितलं. सगळी गल्ली बघत होती. सासूबाई दारात उभ्या होत्या, आमचे हे ओट्यावर उभे होते. मी एक वाक्य बोलले असते तर पुरलं असतं. ओळ होती, मी ती वाचली नाही, त्याला माहीत नव्हतं. त्याला दुसरी घोडी मिळाली असती. सासूबाईंची भीती होती, असं मी नंतर म्हणत राहिले. खरं म्हणजे तिसरी शिकलेली म्हणून जो भाव खाल्ला होता, तो सगळ्यांसमोर ओकायचा होता. ते मला जमलं नाही.

मी म्हणाले, "मी तर सगळं वाचलं होतं."

कडूभाऊनं एकदा माझ्या तोंडाकडे बघितलं. पायांकडे नाही, तोंडाकडे. मग तो कारकुनाला म्हणाला, "वाचलं असेल, साहेब. माझ्याच ध्यानात राहिलं नसेल."

कारकुनानं तसंच लिहिलं आणि त्याचा अंगठा घेतला.

टांगा मोडीत गेला. कडूभाऊ लालबागच्या स्टेशनावर केळीचे घड डब्यात चढवायला जायला लागला. खांद्यावर चीक सुकून काळे डाग पडलेले असायचे. गल्लीत दिसला की तोच आधी विचारायचा, "मालूताई बरी आहे ना? बाळ बसतं का?" त्यानं शिवी दिली असती तर मी सुखानं झोपले असते.

शेवटी धीर करून मी कचेरीत गेले. थंडी पडली होती. खुर्चीवर नवा कारकून होता. मी सगळं सांगितलं, मी लपवलं, चूक माझी, लिहून घ्या.

"कोणत्या हुकमाखाली, बाई?"

मी सांगितलं.

"तो नागपूरच्या सरकारचा हुकूम. ते कागद बांधून गेले. नागपूरला गेले की भोपाळला, ते अजून आम्हालाच कळलेलं नाही."

"मग नवा अर्ज घ्या."

त्यानं हात जोडले. चांगला माणूस होता, खोटं नाही सांगत. "बाई, नव्या सरकारच्या दप्तरात अजून पूरच आलेला नाही. कशावर घेऊ?"

तिथून मी घरी गेले नाही, कडूभाऊकडे गेले. तो जेवत होता. मथुराबाई भाकरी थापत होती. मी दारातच उभी राहून सगळं सांगितलं. शेवटची ओळ, मालू कधीच बरी झालेली होती ते, पंचनामा, आणि आता कागदच राहिले नाहीत ते.

कडूभाऊनं घास खाली ठेवला. "मला माहीत होतं, वैनी. तुमचं बोट पुढे गेलं आणि तोंड थांबलं, तेव्हाच कळलं. दुसऱ्या दिवशी अड्ड्यावर त्या दुसऱ्या टांगेवाल्यानं, सुपडूनं सांगितलंच, काय लिहिलंय ते."

"मग बोलला का नाहीत? मला उतरवलं का नाही?"

तो खाली बघायला लागला. "तुम्हाला जायचं होतं ना."

मथुराबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "ह्यांचा स्वभाव तुला माहीत होता ना, बाई?"

"होता."

"मग आता काय ऐकायला आलीस? चूक नाही म्हणून? तसं हे म्हणतील. कुणालाही म्हणतील. त्यांच्याकडून घेऊ नकोस ते."

कडूभाऊ बोलायला गेला, "अगं, जाऊ दे..."

मी हात जोडले आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत उंबऱ्यावरून मागे फिरले. तेवढं मात्र मी त्याच्याकडून घेतलं नाही.