पुड्यातली साखर

माझा आजार घरात सगळ्यात आधी मुंग्यांना कळला. मी मोरीत जाऊन आले की थोड्या वेळाने तिथे काळ्या मुंग्यांची रांग लागायची, आणि आई माझ्या मोठ्या बहिणीवर, ताईवर डाफरायची, की सरबताचे पेले मोरीत धुऊ नकोस म्हणून किती वेळा सांगायचं. तोवर मी अख्खा माठ रिकामा करत होते आणि फ्रॉक खांद्यावरून गळायला लागले होते. शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी लघवी तपासली आणि पप्पांना सांगितलं, मुलीला डायबेटिस आहे, रोज सुई लागेल, आणि ती जन्मभर. मी नववीत होते. डायबेटिस म्हणजे गल्ल्यावर बसणाऱ्या, पोट सुटलेल्या शेठ लोकांचा आजार, असं मला वाटायचं. आईलाही तसंच वाटत होतं.

पप्पांनी सुई टोचायला शिकून घेतलं आणि आईने लपवायला. ताईचं लग्न व्हायचं होतं. धाकटीला असलं काही निघालं म्हटल्यावर थोरलीला कोण करून घेणार? काचेची सिरिंज दार लावून उकळायची. इन्सुलिनची बाटली शेजारच्या सिंधी काकूंच्या फ्रिजमध्ये असायची, आणि त्यांना आईने ते पप्पांचं दम्याचं औषध म्हणून सांगितलं होतं. पप्पांना कधी साधा खोकला नव्हता, पण काकू त्यांना जिन्यात भेटल्या की पिशवी हातातून काढून घ्यायच्या. "भाईसाब, धीरे चढो," म्हणायच्या. पप्पाही बिचारे थोडं धापल्यासारखं करायचे.

एकदा आमच्या कचऱ्यात मोडकी सुई निघाली आणि कॅम्प चार या वस्तीतल्या आमच्या ब्लॉकभर झालं, की यांच्याकडे कुणीतरी गर्दची नशा करतं. तेव्हा गर्दचा सुळसुळाट होता, आणि माझे डोळे खोल गेलेले, गाल बसलेले. संशय कुणावर आला असेल ते सांगायला नको. दोन मैत्रिणी घरी यायच्या बंद झाल्या. मी आईला म्हटलं, खरं काय ते सांगून टाक ना एकदा. ती म्हणाली, "गर्दुल्ली म्हणतात तर म्हणू दे. ते सुटतं तरी. हे सुटत नाही."

लोकांची भीती सवयीने कमी होते. माझी खरी भीती दुसरी होती. सुई घेतली आणि खायला उशीर झाला की रक्तातली साखर उतरते. आधी ओठ बधिर होतात, मग हात थरथरतात, घामाने कपडे ओले होतात. पुढे माणसं दिसतात, त्यांचं बोलणं ऐकू येतं, पण आपलं तोंड आपलं राहत नाही. विहिरीत खाली खाली जावं आणि वरच्या काठावर सगळे गप्पा मारत बसलेले दिसावेत, तसं. आणखी उतरली तर माणूस उठत नाही, असं डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं. म्हणून माझ्या रुमालाच्या गाठीत कायम लिमलेटच्या गोळ्या असायच्या. झोपतानाही तो रुमाल माझ्या मुठीत असे.

ताईला बदलापूरकडचं स्थळ आलं. मुलगा अंबरनाथला कारखान्यात फिटर, घरी भातशेती, माणसं सरळ. साखरपुडा आमच्या घरी ठरला. मी सकाळी सुई घेतली, वर चार घास पोहे खाल्ले, कारण पाहुणे थोड्याच वेळात येऊन पंगत बसणार होती. आणि त्यांचा टेम्पो अंबरनाथला बंद पडला. आमच्याकडे पाहुण्यांची पंगत उठल्याशिवाय घरचं कुणी तोंडात घास घालत नाही. रुमालातल्या गोळ्या म्हणाल, तर सकाळीच आईने तो रुमाल माझ्या कमरेतून काढून घेतला होता. त्यांच्या बायकांसमोर सारखं काहीतरी चघळताना दिसशील, म्हणाली.

पाहुणे आले तेव्हा दुपार झाली होती. ओवाळायला तबक माझ्या हातात दिलं, आणि निरांजन तबकात खडखडायला लागलं. मला कळलं. मला आईकडे जायचं होतं, पण पाय वळले नाहीत. मुलाची आजी समोरच बसली होती. तिला काय दिसलं असेल ते मला आज कळतं. न्हाऊन मोकळे सोडलेले केस, घामाने डबडबलेलं तोंड, एका जागी लागलेले डोळे, थरथरणारं अंग, आणि घशातून येणारा घूं घूं आवाज. तिने पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले.

"कोन हायस गो आई तू? काय चुकलं आमचं? काय पायजे तुला?"

कुणीतरी तबक काढून घेतलं, कुणीतरी माझ्या कपाळभर कुंकू फासलं, कापूर पेटला. बायका एकेक करून माझ्या पायांवर डोकं टेकायला लागल्या. मला साखर म्हणायचं होतं. जीभ हलत नव्हती, आणि घूं घूं वाढलं की त्या आणखी खाली वाकत होत्या.

आई अगदी समोर उभी होती, हातात पाण्याचा तांब्या घेऊन. पप्पा बाहेर पुरुषांत बसले होते. मला काय होतंय हे तिला पक्कं माहीत होतं. मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग त्या वाकलेल्या बायकांकडे पाहिलं, आणि ती गप्प राहिली. अंगात आलंय म्हटलं तर सोयरीक टिकते, आजार आहे म्हटलं तर मोडते. हे सगळं तिच्या तोंडावर मला वाचता आलं, तेवढी मी शुद्धीत होते. मरायची भीती मला वाटलीच. पण आईच्या त्या गप्प तोंडाची भीती तिच्याहून मोठी होती, आणि ती अजून गेलेली नाही.

ताई पाटावर बसली होती. तिच्या ओटीत नुकताच पुडा ठेवला होता, जरीच्या कागदाचा, मोत्यांची माळ गुंडाळलेला. ती पाटावरून उठली आणि तो पुडा तिने दातांनी फाडला. मूठ भरून साखर माझ्या तोंडात कोंबली, आईच्या हातातला तांब्या ओढून घेतला आणि पाणी पाजलं. माझा जबडा धरून ती त्या बायकांना म्हणाली, "देवी-बिवी काही नाही. माझ्या बहिणीला डायबेटिस आहे."

नवरीने साखरपुडा फाडलेला कुणी कधी पाहिला नव्हता. मग आजी हळूच हसली.

"येडे, डायबेटिसवाल्याला साखर कोन देतं? आमच्या थोरल्याला डाक्टरनं चहातली पन बंद केलीया."

ते सगळ्यांना पटलं. आणि थोड्या वेळाने माझी थरथर थांबली, मी डोळे पुसून शहाण्यासारखी उठून बसले, तेव्हा तर प्रश्नच मिटला. देवीने नवरीच्या ओटीतली साखर मागून घेतली होती आणि ती प्रसन्न झाली होती. उरलेली साखर प्रसाद म्हणून वाटली गेली. आईने प्रसादाला हात पुढे केला. लग्न ठरलं.

त्यानंतर आईने माझ्या रुमालाला कधी हात लावला नाही. मी बाहेर निघाले की दारातून विचारायची, गोळ्या घेतल्यास ना? मी हो म्हणायचे. त्या दिवसाबद्दल आम्ही तिघीही याहून जास्त कधी बोललो नाही.

नव्वद सालाच्या पुढे ताईच्या सासरच्यांनी बदलापुरातच कात्रपला फ्लॅट घेतला. मी गेले की आजी मला पाट मांडायची, ओटी भरायची. मंगळवारी गेले तर मला उपास आहे असं धरूनच चालायची, आणि सुई घेऊन मी उपाशी राहू नये म्हणून ताई मला स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून गूळपोळी खायला घालायची. मला बघायला कुणी आलं की आजी मोठ्या अभिमानाने त्यांना साखरपुड्याची गोष्ट सांगायची. देवीच्या पाया पडायला सगळे येतात, तिला सून करून कुणी नेत नाही. मी खरं सांगू धजत नव्हते. ताईचा संसार त्या देवीवर उभा आहे, असं मला वाटायचं.

मग एका दिवाळीनंतर गेले तर ताईची मुलगी, नुकतीच पहिलीत गेलेली, दारात उभी होती. फ्रॉक खांद्यावरून गळत होता. बोलता बोलता ती दोनदा तांब्याने पाणी प्यायली. आजी कौतुकाने म्हणाली, "मावशीवर गेलीया पोर. डोले बघ कसे लागतात तिचे. हिच्यावर पन येनार देवी."

मी हात धुवायला मोरीत गेले. कठड्यापासून जाळीपर्यंत काळ्या मुंग्यांची रांग होती. मागून ताई टॉवेल घेऊन आली, आणि तिनेही खाली पाहिलं.

मी बाहेर येऊन आजीला म्हणाले, "आजी, माझ्या अंगात देवी कधीच आली नव्हती."

आजीने जीभ चावली, असं बोलू नये म्हणाली, आणि माझ्या पाया पडायला वाकली. मी पाय मागे घेतले. तोवर ताईने पोरीच्या पायात चपला घातल्या होत्या आणि दार उघडलं होतं.