चार नंबरची पाटी

मंगरूळपीरच्या तहसिलीत माझ्या शेजारच्या, चार नंबरच्या टेबलावर बसणाऱ्या बाबूचा मला मनस्वी राग यायचा. का, ते आज नीट सांगता येणार नाही. तोंडात पान कोंबून बोलायचा, समोरच्याकडे बघायचा नाही, एवढंही मला पुरायचं. मी तीन नंबरला, नकला करून देणारा कारकून.

रेकॉर्ड रूममधून बुक काढलं, की त्या रिकाम्या जागी आपल्या नंबरची टिनाची पाटी टांगायची, असा आमच्याकडे नियम होता. पाटी लोंबते आहे तोवर ते बुक त्या नंबरवाल्याचं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. काम झालं की बुक जागेवर आणि पाटी आपल्या खुंटीवर. प्रत्येकाला दोनच पाट्या मिळत.

आणीबाणीतला एक शुक्रवार. मानोऱ्याकडच्या खेड्यातली एक पोरगी बापाला घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. नर्सच्या ट्रेनिंगला तिचं नाव लागलं होतं, पण शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख चुकलेली. खरी तारीख कोतवाल बुकात, म्हणजे कोतवाल गावचे जन्म-मृत्यू लिहितो त्या वहीत. त्याची नक्कल सोमवारी अकोल्याला दाखवायची होती.

"आजच द्या जी," बाप म्हणाला. "सोमवारी कागद नसन तं नाव काटतात म्हने."

मी आत गेलो. बुकाच्या जागी चार नंबरची पाटी!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तसाच बाहेर येऊन मी सगळ्यांदेखत ओरडलो, "काहून दाबून ठेवलं बे बुक?"

"म्या नाई नेलं."

"मंग पाटी काय भुतानं टांगली?"

त्यानं ड्रॉवर उपसून माझ्यापुढे ओतले. "पाह्य! कुठी हाय?"

"घरी नेलं असशीन, चहापाण्याची वाट पाहत!"

त्यानं माझी कॉलर धरली, मी त्याची. लोकांनी सोडवलं. रेकॉर्डकीपर म्हणाला, पाटी ज्याची त्यानंच बुक आणायचं, माझे हात बांधलेले आहेत. पाटीवर नंबर असल्यावर दुसऱ्याचं कपाट कोण उघडणार? कुणीच उघडलं नाही. बापलेक पाचपर्यंत व्हरांड्यात बसून होते. मी जाऊन सांगितलं, "त्या चार नंबरवाल्यापाशी हाय. मी काय करू?" दोघं मानोऱ्याच्या गाडीला गेले.

बुधवारी कार्बन पेपर काढायला मी माझं कपाट उघडलं. खाली, जुन्या अर्जांच्या गठ्ठ्याखाली, ते बुक होतं.

मग आठवलं. दोनेक महिन्यांपूर्वी माझ्या दोन्ही पाट्या अडकल्या होत्या, म्हणून त्याच्या खुंटीवरची एक न विचारता उचलून टांगली होती. अशी उसनी पाटी आम्ही सगळेच वापरत असू. काम आटोपल्यावर मी बुक कपाटात ठेवलं आणि विसरलो. आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी बुक जागेवर ठेवलं, पाटी त्याच्या खुंटीला अडकवली. त्याला एक शब्द बोललो नाही.

रविवारी नक्कल घेऊन मी त्यांच्या गावी गेलो. पोरगी दुसऱ्याच्या वावरात बापासोबत तण निंदत होती. नाव कटलं होतं. तिनं मातीचे हात लुगड्याला पुसले, कागदावरची आपली जन्मतारीख वाचली आणि घडी करून कमरेला खोचली.

"कोनापाशी होतं जी बुक?" तिनं विचारलं. "त्या चार नंबरवाल्यापाशीच ना?"

मी "हो" म्हणालो.

"वाटोयं होईन त्याचं," बाप म्हणाला, आणि मला उन्हात कशाला उभं राहता म्हणत बाभळीखाली बसवून त्यानं आपल्या लोट्यातलं पाणी दिलं. मी ते प्यायलो.