पुलापाशी थांबायचं काम

"शी इज माय वॉल," ती म्हणाली, आणि हॉलभर हशा पिकला.

भिंत. मी तिची भिंत. वाऱ्यापुढे उभी करायची. मी तिच्या खुर्चीमागे उभी होते, तिचं जाकीट हातात धरून. शर्यतीच्या आदल्या दिवशीची पत्रकार परिषद होती, आणि एका डच बातमीदाराने माझ्याकडे बोट करून विचारलं होतं, या कोण? त्याला तिने माझ्याकडे न बघताच उत्तर दिलं. सगळे हसले. मीही हसले.

त्याच्या जरा आधी ती बायकांवरच्या अन्यायाबद्दल बोलत होती. ती अमेरिकन, लांब पल्ल्याची धावपटू, पळणं हाच तिचा धंदा. मूल झालं तेव्हा तिला पैसे देणाऱ्या बुटांच्या कंपनीने तिचा करार मोडला होता. ती गप्प बसली नाही. जाहीरपणे भांडली, पुन्हा उभी राहिली, पुन्हा शर्यती जिंकायला लागली. सगळं खरं होतं, आणि मला तिचं कौतुकही होतं. "बाईची जागा कुठली, हे दुसऱ्या कुणी ठरवायचं नाही," असं ती त्या हॉलमध्ये म्हणाली. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या असत्या, पण हातात जाकीट होतं.

मी तिला मनातल्या मनात बाईसाहेब म्हणायचे. तिचा कोच डच, म्हणून ती वर्षातले कित्येक महिने आयंडहोवनच्या बाजूला येऊन राहायची. आम्ही तिथून जवळच, बेस्ट नावाच्या गावात. नवरा इंजिनिअर, मी त्याच्या मागून आलेली. व्हिसाच्या कागदावर डिपेंडंट, म्हणजे त्याच्यावर अवलंबून. सकाळी तो सायकल काढून गेला की घर खायला उठायचं. शेजारीण रोज हसून हात करायची आणि दार लावून घ्यायची. मराठी मंडळात गणपतीला गेलं की कुणी ना कुणी आडनाव विचारायचं. मी नुसतं नाव सांगून प्रसादाच्या रांगेकडे सरकायचे. आडनाव सांगितलं की समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, ते मला पाठ आहे. नवरा म्हणायचा, कशाला उगाच विषय वाढवायचा.

मग मी पळायचे. कालव्याच्या काठाने, एकटी. गावाकडे मी विद्यापीठाकडून पळालेली, राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत जाऊन आलेली. लग्न झालं आणि ते सगळं माळ्यावर गेलं. एक दिवस एक उंच माणूस माझ्या बाजूने सायकल चालवत राहिला. आधी घाबरले. तोच तो कोच. म्हणाला, तुझी चाल एकसारखी आहे, माझ्याकडे तुझ्यासाठी काम आहे.

काम असं. बाईसाहेबांच्या पुढे पळायचं, ठरलेल्या वेगाने. ना कमी ना जास्त. बायकांच्या वेगळ्या शर्यतीत वेग धरून द्यायला पुरुष चालत नाही, म्हणून बाईच लागते. पेसर म्हणतात तिला. ती शर्यत सुरू करते, पण संपवत नाही. ठरलेल्या जागी बाजूला होते. पुढची शर्यत मागून येणारीची.

या देशात चढ नाहीत, म्हणून लोकांना वाटतं पळणं सोपं. कसलं सोपं? इथला घाट म्हणजे वारा. उघड्या शेतांवरून येतो आणि छातीवर बसतो. तो सगळा मी खायचा. ती माझ्या खांद्यामागे. वारा बाजूने आला तर मी त्या बाजूला सरकायचं. कोच सायकलवरून ओरडायचा, डावीकडे, डावीकडे. माझे कान दिवसभर दुखायचे. माझं नाव मात्र बाईसाहेबांना कधी घेता आलं नाही. मला 'हनी' म्हणायची. प्रेमाने म्हणते असं वाटायचं. मग कळलं, कॉफी आणून देणाऱ्या मुलीलाही हनीच म्हणते.

तरी मी टिकले, कारण तिने एक शब्द दिला होता. वसंतात, कालव्याकाठी, एका जीवघेण्या सरावानंतर. दोघी गवतावर पडलो होतो. ती आपणहून म्हणाली, पानगळीतली मोठी शर्यत तू पळायचीस. पूर्ण. तुझ्या नावाने. मी बोलते आयोजकांशी. मी ते घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. आईला फोनवर सांगितलं. सगळा उन्हाळा मी त्या एका वाक्यावर काढला.

मला कळायला हवं होतं. कारण हे मी आधी पाहिलेलं होतं.

गावच्या शाळेत माझी आई झाडलोट करायची. त्याच शाळेत मी शिकायचे. संस्थाचालकांची मुलगी माझ्याच वर्गात. तिला तालुक्याला पळायला न्यायचं होतं, पण एकटी पळाली की ती दमून बसायची. मग पी.टी.च्या सरांनी मला तिच्यापुढे पळायला लावलं. रोज, शाळा भरायच्या आधी. आई व्हरांडा झाडायची आणि मी मैदानावर पळायचे. स्पर्धेच्या दिवशी जीप आली. ती बसली. मीही पाय टाकला तर सर म्हणाले, "तू कुठं? अगं, तू आहेस म्हणून ती पळते. तुझं काम झालं." जीप गेली. आई झाडू हातात धरून बघत होती. ती एक शब्द बोलली नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला होता. स्पर्धेच्या यादीत माझं नाव लागलं ते फार पुढे, कॉलेजात गेल्यावर.

आणि आता इथे. प्रत्येक शर्यतीत पुलापाशी, नाहीतर वळणापाशी, नारिंगी जाकिटातला एक माणूस हात करायचा. मी उजवीकडे व्हायचे. बाईसाहेब निघून जायच्या, मागच्या बाकीच्या निघून जायच्या, गर्दी त्यांच्याबरोबर पुढे पळायची. मी तिथेच. ऊब राहावी म्हणून कुणीतरी अंगावर चंदेरी कागद टाकायचं. घामावर वारा लागून दात वाजायचे. माझे कपडे शेवटच्या रेषेपाशी, आणि मला तिथपर्यंत चालत जायचं. चालताना लांबून टाळ्या ऐकू यायच्या. या देशात मी सगळ्यांत एकटी कुठे होते विचाराल तर तिथे, त्या रस्त्याच्या कडेला.

संध्याकाळी आईचा फोन. तिचा प्रश्न एकच. "कितवी आलीस?" पेसर म्हणजे काय, ते मी तिला किती वेळा सांगितलं. तिला ते पटायचंच नाही. शर्यत मधेच सोडायला कुणी कशाला ठेवील? तिला वाटायचं, पोरीला झेपत नाही आणि पोरगी लाजेनं खोटं बोलते. "आगं, पुन्यांदा थांबलीस? अंगात ताकद न्हाय का तुज्या?" मग गावाकडून इकडे कुणी येणारं असलं की त्यांच्याबरोबर नाचणीचं पीठ यायचं, अळिवाचे लाडू यायचे. मी ते खायचे आणि मला रडू यायचं. नवरा म्हणायचा, अगं, थांबणं हेच तुझं काम आहे ना, मग वाईट काय वाटून घेतेस? तो वाईट माणूस नाही. पण त्याला थांबायला कुणी सांगितलेलं नाही.

तर तो हॉल, ते हसणं. त्यानंतर हॉटेलात जेवायच्या टेबलावर कोचने छातीवर लावायचे नंबर वाटले. ही तीच पानगळीतली शर्यत. बाईसाहेबांच्या नंबराच्या कापडावर तिचं नाव. माझ्या कापडावर नाव नाही. मोठ्या अक्षरांत नुसतं 'पेस'.

मी म्हटलं, "तू म्हणाली होतीस, या वेळी पूर्ण."

तिने काटा खाली ठेवला. तिला आठवेना. मग आठवलं. तिला खरंच नवल वाटलं होतं, ते मला अजून दिसतं.

"पण हनी, तूच शर्यतीत उतरलीस तर माझ्यापुढे कोण?"

कोच म्हणाला, राग मानू नकोस, यात वैयक्तिक काही नाही. डच लोक तोंडावर बोलतात आणि वर त्याचा अभिमान बाळगतात. मग पाठ थोपटल्यासारखं म्हणाला, "तू आहेस म्हणून ती पळते."

हेच वाक्य. भाषा तेवढी दुसरी. डोक्यात तिडीक गेली. मी ताटातलं सगळं संपवलं, ते कापड घडी करून खिशात घातलं आणि उठले. मी मूग गिळून बसले, असं त्यांना वाटलं असणार.

दुसऱ्या दिवशी शर्यत. वारा समोरून. मी माझं काम चोख केलं, वेगात चूक केली नाही. पूल आला. नारिंगी जाकिटातल्या माणसाने हात केला, हसून, चांगला माणूस होता. पायांना ती खूण इतकी सवयीची झालेली की ते आपोआप उजवीकडे वळायला लागले. मी त्यांना वळू दिलं नाही.

मागून बाईसाहेबांचा आवाज आला. "ऑफ! गेट ऑफ!" मी एक पाऊल बाजूला झाले आणि तिला पुढे जायला जागा दिली. तिला रस्ता दिला. आडोसा दिला नाही. ती पुढे गेली आणि मला पहिल्यांदा तिची पाठ दिसली. वाऱ्यात तिचे खांदे वर चढले. तिच्यामागे लपून पळता आलं असतं मला. तिने माझ्यामागे तेच केलं होतं. नाही लपले. माझा वारा मी खाल्ला.

पुलाच्या पुढचा रस्ता मी कधी पाहिलाच नव्हता. आणखी बायका पुढे गेल्या. पोटऱ्यांत गोळे आले. कुणी ओळखीचं नाही, कुणी नाव घेऊन ओरडत नाही. रडत पळाले, खोटं कशाला सांगू?

शेवटच्या रेषेपाशी एक निवेदक होता. येणारीचा नंबर बघून तो तिचं नाव पुकारायचा, लोक टाळ्या वाजवायचे. मी आले आणि तो गप्प झाला. त्याच्याकडे माझं नाव नव्हतंच. नुसतं संगीत चालू राहिलं. मी रेषा ओलांडली, त्याच्यापाशी गेले आणि माझं नाव सांगितलं. मोठ्याने. माझं, बापाचं आणि आडनाव. मंडळात गिळून टाकायचे ते आडनाव, सगळंच्या सगळं. त्याने माईक पुढे केला नाही. तरी मी सांगितलं.

तंबूत कोच म्हणाला, तू करार मोडलास, आता तुला कुणी बोलावणार नाही. मी छातीवरच्या टाचण्या काढल्या आणि ते कापड त्याच्या हातात दिलं. बाईसाहेब दुसऱ्या आल्या होत्या. डोळे लाल. ती मला म्हणाली, "मला वाटलं आपण मैत्रिणी आहोत."

मी विचारलं, "माझं नाव काय?"

ती कोचकडे बघायला लागली. मी माझं जाकीट घेतलं आणि निघाले.

स्टेशनवर आईचा फोन आला. "कितवी आलीस?"

"माहीत नाही, आई. त्यांनी मला मोजलंच नाही."

"पर पोचलीस का?"

"पोचले."

जीपकडे बघत उभी होती तेव्हा ती काही बोलली नव्हती. आता म्हणाली, "मंग मोजाया लाव त्यास्नी."

मी वसंतातल्या शर्यतीला नाव घातलं आहे. पैसे भरून, सगळ्या जगाबरोबर, मागच्या रांगेत. छातीवर काय छापायचं, असं त्यांनी विचारलं होतं. मी आडनाव दिलं. कालव्यावर आता मी एकटी पळते. कोचची सायकल समोरून आली तर मान खाली घालत नाही. मागच्या रांगेतून पुढच्या रांगेत यायला मला किती वर्षं लागतील, ते मला माहीत नाही. पण माझ्या पाठीमागे आता कुणी लपणार नाही. आणि पुलापाशी मला कुणी हात करायचा नाही.