चार जुम्मे खणलेला फिरोजा

या डोंगरांत फिरोजा मिळत नाही, असं मला पहिल्याच आठवड्यात तीन माणसांनी सांगितलं. तिघांपैकी एकानंही जन्मात हातात टिकाव धरलेला नव्हता. मग मी त्यांचं का ऐकू?

मी गवंडी. रत्नागिरीकडचा, खाडीकाठचा. उर्दू शाळेत तिसरीपर्यंत गेलो, नंतर बापाबरोबर चिऱ्याच्या खाणीवर. जांभा खणायचा, त्याचे चिरे पाडायचे, हेच माझं शिक्षण. साठ-सत्तरच्या मधल्या काळात मी लाँचनं दुबईला उतरलो, तेव्हा हा देश अजून एक झालेला नव्हता आणि ज्याला भिंत सरळ उभी करता येते त्याला कामाची कमी नव्हती. दुबईच्या देरा भागात एका खोलीत आम्ही चौघे राहायचो. त्यातला एक श्रीवर्धनचा शिंपी, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा, त्याला सगळे चाचा म्हणायचे. माझं अक्षर वाईट, म्हणून माझी घरची पत्रं तो लिहायचा. लिहिता लिहिता मतंही द्यायचा, ती कोणी मागितलेली नसायची.

भानगड पत्रातूनच सुरू झाली. माझा थोरला भाऊ जहाजावर खलाशी. त्यानं इराणच्या बंदरातून भाभीसाठी फिरोजाची अंगठी आणली. आमच्याकडे निळा फिरोजा बोटात असला की नजर लागत नाही म्हणतात. माझ्या बायकोनं पत्रात एवढंच कळवलं की भाभीची अंगठी फार सुंदर आहे, सगळ्या बायका बघून गेल्या. मागितलं काही नाही. मागितलं असतं तर परवडलं असतं.

मी चाचाला म्हटलं, "लिही. येताना मीपण फिरोजा आणतो. विकतचा नाही, माझ्या हातानं डोंगरातून काढलेला."

चाचाचा पेन थांबला. "कुठल्या डोंगरातून?"

"इथे डोंगर नाहीत?"

"डोंगर आहेत, उंट पण आहेत. उद्या उंटाच्या पोटातून मोती काढशील?"

"तू लिही ना बाबा."

त्यानं लिहिलं. ते पत्र आमच्या ओसरीवर मोठ्यानं वाचलं गेलं. भाभी होती, भाभीची आई होती, शेजारपाजार होता. उत्तर आलं की सगळे वाट बघतायत. बकरीदच्या आधीच्या बोटीनं मी घरी जाणार हे ठरलेलं होतं. म्हणजे माझ्या हातात जेमतेम चार महिने, आणि त्यातले फक्त जुम्मे, कारण सुट्टी शुक्रवारचीच. फिरोजा मिळाला नाही तर त्या ओसरीची पायरी मी कुठल्या तोंडानं चढणार होतो?

पहिल्या जुम्म्याला शारजाच्या पलीकडे वाळूतून वर आलेला एक पांढरा डोंगर खणला. दिवसभर खणून काय निघालं? शिंपले. दगड झालेले शिंपले. चाचानं एक हातात घेतला, वास घेतला आणि म्हणाला, "समुद्र सोडून इतक्या लांब गेलास आणि कालवं आणलीस?" दुसऱ्या जुम्म्याला लँड रोव्हर वाळूत रुतली. ड्रायव्हर बलुची, भयंकर हट्टी. मी सांगत होतो चाकांतली हवा कमी कर, तो म्हणत होता तू भिंत बांध. संध्याकाळपर्यंत आम्ही चाकांखाली गोणपाटं घालत बसलो. आता त्याच वाटेनं मुलगा गाडीतून नेतो, रस्ता कसा तळहातासारखा. तरी नात मागून विचारते, "आर वी देअर येट?"

शेवटी मी बाजारातल्या इराणी सोनाराकडे गेलो. त्यानं निदान अक्कल शिकवली. म्हणाला, फिरोजा तांब्याच्या सोबतीनं राहतो. कोरड्या डोंगरात दगडावर हिरवा डाग दिसला की तिथे तांबं, आणि नशीब असेल तर त्या हिरव्याच्या पोटात निळी रेघ. एवढं सांगून लगेच म्हणतो, "लेकिन हबीबी, क्यूं खोदता है? मेरे पास है. ले जाओ, खलास."

"खलास कसं? मी सांगून बसलोय, मी खणणार."

"किस को मालूम पडेगा?"

मी उठून आलो.

मग मसाफीकडच्या डोंगरांत माल घेऊन जाणाऱ्या गाडीवर बसायला लागलो. पहाटे फजरची नमाज पढून निघायचं, ऊन चढेपर्यंत पोचायचं. तिथे पावसाळी नदीचं कोरडं पात्र आहे, त्याला वादी म्हणतात. मी वादीतून खाली बघत चाललो. पात्रात कुठेकुठे हिरवट खडे दिसत होते. पाण्यानं आणलेला खडा वरूनच आलेला असणार, हे कळायला शाळा लागत नाही. मी वरच्या अंगाला चालत राहिलो. एका वळणानंतर हिरवे खडे दिसेनासे झाले. म्हणजे जागा मागेच राहिली. परत फिरून कड बघितली, तर चढावर काळी, काचेसारखी मळी पसरलेली. कोणे एके काळी तिथे कोणीतरी तांबं गाळलं होतं. त्याच्या वर तांबूस खडकात हिरवे ओघळ. टिकावाचे दहा घाव घातले आणि आत निळं! आकाशाहून निळं. मी तिथेच बसलो आणि एकटाच हसलो.

जुम्म्याची नमाज वादीतल्या छोट्या दगडी मशिदीत पढली. बाहेर एक म्हातारा अरब भेटला, खजुराची बाग आणि बकऱ्या असलेला. मी त्याला निळा तुकडा दाखवला. त्यानं कमरेच्या खंजराचं टोक दगडावर ओढलं, पांढरी रेघ उठली. मग जिभेला लावला. दगड जिभेला चिकटला. त्यानं तोंड वाकडं केलं. चांगला नाही, मऊ आहे, असं तो हातवारे करून सांगत होता. मग दुसऱ्या बाजूच्या कड्याकडे बोट दाखवून बरंच काही बोलला. माझं अरबी तेव्हा यल्ला आणि इन्शाल्लापुरतं.

मला त्याची कीव आली. बकऱ्या राखणारा माणूस, त्याला खाणीतलं काय कळणार? आमचा जांभा खाणीतून निघतो तेव्हा असाच मऊ असतो. खोबऱ्यासारखा कापला जातो. चार आठवडे वारा-ऊन खाल्लं की तोच चिरा असा कडक होतो की त्यावर घर उभं राहतं. माझ्या बापानं उभा जन्म हेच केलं. दगड म्हणजे दगड. हा पण वाऱ्यावर ठेवला की कडक होणार. मी म्हाताऱ्याच्या खांद्यावर थोपटलं आणि परत खणायला गेलो.

सलग चार जुम्मे खणलं. हाताचे फोड फुटले, खांदा धरला, एक गोण भरली. ती गच्चीवर नेऊन मी सगळे तुकडे ओळीनं मांडले, खाणीवर चिरे मांडतो तसे, मधून वारा जाईल एवढी जागा सोडून.

चाचाचे धुतलेले सदरे तिथेच वाळायचे. "हे काय?"

"वारा खातायत."

"काय दगड रे ते, हवा पालटायला आलेत?"

"चाचा, तू सुईदोरा बघ."

संध्याकाळी मी त्यांच्यावर पाणी मारायचो. सिमेंटच्या कामाची सवय. पाणी पडलं की निळा असा खुलायचा की चाचापण एकदा सदरे सोडून बघायला आला. पण वाळले की फिकट. दर दिवशी आदल्या दिवसापेक्षा फिकट. मग बारीक भेगा. मी म्हटलं, पाणी आटतंय, चांगलं आहे. तिसऱ्या आठवड्यात एक तुकडा उचलला तर अर्धा हातात आला आणि अर्धा गच्चीवर भुगा होऊन पडला.

उरलेल्यातला सगळ्यांत चांगला सोनाराकडे नेला. त्यानं फिरत्या चाकाला लावला. निळा चिखल त्याच्या बोटांवरून ओघळला आणि चिमट्यात काही उरलं नाही. त्यानं हात पुसले, खण उघडला, हरभऱ्याएवढा इराणी फिरोजा माझ्यासमोर ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिला.

बोटीला दहा दिवस होते. मध्ये एकच जुम्मा. खोटं कशाला सांगू, मी तो फिरोजा उचलला होता. तळहातावर ठेवून बघितला. मग खाली ठेवला. त्या म्हाताऱ्यानं बोट कुठे दाखवलं होतं, ते मला तेव्हा आठवलं. कड्यावर पांढरी शीर होती.

शेवटच्या जुम्म्याला चाचा स्वतःहून बरोबर आला. म्हणे, "तुझं डोकं फिरलंय, कोणीतरी सोबत पाहिजे." गाडीतून उतरेपर्यंत त्याची कंबर, त्याचे सदरे, त्याची बुडालेली झोप, सगळं मी ऐकलं. म्हातारा बागेतच होता. मला बघून त्यानं आधी टिकावाकडे बघितलं, मग कपाळाला हात लावला. आम्हाला खजूर खायला घातले आणि स्वतः काठी टेकत कड्याकडे घेऊन गेला. तिथे खडकात गारगोटीची पांढरी शीर होती आणि काही ठिकाणी तो निळा रंग गारगोटीतच मुरलेला होता. म्हाताऱ्यानं खंजराचं टोक ओढलं. रेघ उठली नाही. पुन्हा ओढलं. नाही. माझ्या हातात खंजीर देऊन त्यानं मलाच ओढायला लावलं. मग माझा दंड धरून जे बोलला त्यातलं एक अक्षर मला कळलं नाही, पण शिव्या होत्या हे नक्की.

"विचार त्याला," चाचा म्हणाला, "हे आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं," मी म्हटलं.

छिन्नीनं दुपार घालवून बोटाच्या पेराएवढा तुकडा सुटा झाला. सोनारानं तो घासला, चांगली चकाकी आली. निळा, त्यात हिरव्याची झाक. त्यानं चांदीत बसवून दिला आणि बोट उभं करून म्हणाला, "सुनो. ये फिरोजा नहीं. गारगोटी है, अंदर तांबे का रंग. मैंने बोल दिया."

त्यानं बोलून दाखवलं, हेच वाईट झालं. नसता बोलला तर मी सुखानं गेलो असतो. आता मला माहीत होतं. बोटीवर चार दिवस मी तेच घोळवत होतो. मी पत्रात खणून आणीन म्हटलं होतं, ते खरं केलं. पण फिरोजा म्हटलं होतं, तो नव्हता. सांगितलं तर भाभीसमोर हसं. न सांगावं तर सोनाराच्या खणातला काय वाईट होता?

ओसरीवर पाय ठेवला तर सगळे बसलेलेच होते. मी बायकोला आत बोलावलं, अंगठी हातात दिली आणि एका दमात सांगून टाकलं, "मी खणून काढलाय. पण फिरोजा नाही. गारगोटी आहे."

तिनं अंगठी बोटात घातली, खिडकीशी नेऊन बघितली. मग माझे हात बघितले. "हे फोड यासाठी?"

"हो. पण तो फिरोजा..."

"हळू बोला."

"हळू काय? बाहेर जाऊन सांगतो ना मी, नाही म्हणून."

"काही गरज नाही. चार महिने मी सगळ्यांना सांगतेय."

मी तरी बाहेर आलो आणि सांगितलं. भाभीनं अंगठी हातात घेतली, आपल्या अंगठीशेजारी धरली आणि म्हणाली, "भावजी, तुमची ही जुनी सवय. स्वतःच्या कामाला कधी चांगलं म्हणायचं नाही." भाभीची आई म्हणाली, असा रंग तिनं पाहिलेलाच नाही. मी म्हटलं, कसा पाहिलेला असणार, गारगोटी आहे! सगळे हसले. मी दुसऱ्या दिवशी मशिदीबाहेर सांगितलं, खाणीवर बापाला सांगितलं. बाप दगड नखानं खरवडून म्हणाला, "कडक आहे," आणि कामाला लागला. एकानं विश्वास ठेवला असेल तर शपथ. चार महिने मी कडक दगडासाठी मरत होतो आणि आता सगळं गाव माझ्यासमोर तोच दगड फिरोजा म्हणून एकमेकांना दाखवत होतं.

रात्री जेवताना मी बायकोवर चिडलो. "मी खोटा ठरतोय तुझ्यामुळे."

ती भाकरी थापत होती. अंगठी काढून परातीच्या कडेला ठेवली होती. "खणलीत तुम्ही," ती म्हणाली, "बोटात मी घालते. तिला काय म्हणायचं ते मी बघते. कालवण वाढू?"